सवाष्णीनं धुतलेले पाय

माझे पाय दुखताहेत तोवर माझी लेक सुखरूप आहे, असं त्या हिवाळ्यात मला अगदी मनापासून वाटत होतं. आज हे लिहून काढताना माझं मलाच हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते, कारण तेव्हा त्यात मला काहीच वावगं दिसत नव्हतं. अश्विनी ही माझी एकुलती एक लेक. तिचं पोट दोनदा रिकामं झालं होतं. दुसऱ्या वेळी तर पाचवा महिना सरत आला होता, आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. त्यामुळे तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचा तिचा फोन आला तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला तिचं ते भिंतीकडे तोंड करून पडणं आठवलं. नवरात्रात मी आमच्या कालव्याकडेच्या देवीपुढे उभी राहिले, ओटी भरली आणि नवस बोलले, की बाळ माझ्या हातात येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. एवढं तर बायका नेहमीच बोलतात. पण गाभाऱ्यातून मागे फिरताना मी मनातल्या मनात आणखी एक गोष्ट जोडली. म्हटलं, आई, ह्या घराला काही दुखणं द्यायचंच असेल तर ते मला दे, तिला देऊ नकोस. हे मी कुणालाच सांगितलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही.

देवळाली प्रवरेच्या शिवारात दिवाळी सरली की ऊसतोडीचे दिवस सुरू होतात. पहाटे धुकं एवढं दाट पडतं, की ऊस कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नाही. कारखान्याकडून मळीचा आंबट-गोड वास येतो आणि दिवसभर घरातल्या कपड्यांना, अंथरुणाला चिकटून राहतो. अशाच एका सकाळी अंगण झाडताना उजव्या नडगीवर काहीतरी ठणकलं. लुगडं वर करून पाहिलं तर बोराएवढी लाल गाठ आलेली. हात लावला तर गरम लागली, आणि दाबल्यावर अशी कळ आली की मी खराटा धरून तशीच उभी राहिले. काटा रुतला असेल, किडा चावला असेल, असं म्हणून सोडून दिलं. दोन-चार दिवसांत तिच्या शेजारी दुसरी आली, मग डाव्या नडगीवर आल्या. जुन्या गाठी बसायच्या आणि मुका मार लागल्यावर उमटतो तसा हिरवा-निळा डाग मागे ठेवायच्या. तोवर नव्या आलेल्या असायच्या. परकराची कड लागली तरी सोसवत नसे. घोटे जड व्हायचे, आणि दिवस कलला की अंगात तापाची बारीक कसर भरायची.

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर दवाखान्यात गेली असती. मी गेले नाही, कारण ह्या गाठी कुठून आल्या ते मला ठाऊक होतं, असं मी समजत होते. मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं. दुखणं मला दे म्हटलं होतं, देवीनं ते दिलं, तेही नेमकं अनवाणी चालणाऱ्या पायांवर. ह्याहून स्पष्ट कौल तो कुठला? मला भीती वाटायच्या ऐवजी आतून एक प्रकारचा निवांतपणा आला. रात्री अंथरुणावर पडल्यावर गाठी ठणकायला लागल्या की मी लेकीचं नाव घ्यायचे आणि मनात म्हणायचे, ठणका, खुशाल ठणका. ह्यांनी एकदा विचारलं, “लंगडत का चालतीस? पायाला काय झालंय?” मी सांगितलं, उसाचं पाचट लागलंय. माझ्या हट्टापुढे ट्रॅक्टर लावला तरी हलणार नाही हे त्यांना लग्नापासून माहीत. त्यांनी मुकाट्यानं मेडिकलमधून मलम आणून दिलं. ते मी देवघराच्या फडताळात ठेवून दिलं आणि एकदाही लावलं नाही. लावलं तर देवीला फसवल्यासारखं होईल, असं वाटायचं.

सातवा महिना लागल्यावर अश्विनी माहेरी आली. तिच्या पावलांनी घर भरल्यासारखं झालं. ती दुपारी ओसरीवर ऊन खात बसायची, मी शेजारी मेथी निवडत बसायचे, आणि तापानं माझे डोळे आपोआप मिटायचे. त्या पेंगेत मला नेहमी एकच स्वप्न पडायचं. उंच उसातून एक पायवाट जाते आहे, तुरे वाऱ्यावर हलताहेत, आणि माझ्या पुढे एक बाई चालली आहे. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पायात काही नाही. मी तिच्या मागोमाग चालते, पण माझे पाय उचलत नाहीत आणि ती मागे वळून बघत नाही. तिला हाक मारावी तर नाव माहीत नाही. जाग यायची तेव्हा अश्विनीचा हात माझ्या कपाळावर असायचा. “आई, तुझं अंग लई कोमट लागतं गं,” ती म्हणायची. मी म्हणायचे, ऊन लागतंय.

एका दुपारी मात्र तिचा चेहरा उतरलेला दिसला. बाळ सकाळपासून हललं नाही, म्हणाली. आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून माझे पाय फारसे दुखले नव्हते. मी तिला डाव्या कुशीवर झोपवलं, गूळपाणी दिलं आणि “आलेच” म्हणून घरामागच्या वावरात गेले. ऊस तुटून नुसती खोडकं उरलेली होती. टोकं अजून ओली, सुरीसारखी. त्या खोडक्यांतून मी मुद्दाम अनवाणी चालत सुटले. पाय चिरले, नडग्या खोडक्यांना घासल्या, जुन्या गाठी पुन्हा पेटल्या, आणि वेदना परत आली तशी मी देवीला म्हणाले, बघ, आहे अजून, माझ्याकडेच आहे. घरी आले तेव्हा अश्विनी हसत होती. बाळानं लाथ मारली होती. आज मला कळतं, की गूळपाणी पिऊन कुशीवर निजल्यावर पोटातली लेकरं हलतातच. पण त्या दिवसापासून माझ्या मनाची गाठ पक्की बसली. हे पाय बरे होऊ द्यायचे नाहीत, एवढंच मला कळत होतं.

मार्गशीर्षातले गुरुवार मी लग्न झाल्यापासून करते. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला एक सवाष्ण जेवू घालायची, तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची. तेवढा वेळ ती आपली लक्ष्मी. ती तृप्त होऊन उठली पाहिजे. पानावरून उपाशी उठली तर सगळं व्रत अपुरं राहिलं, असं आमच्याकडे मानतात. दरवर्षी माझी धाकटी जाऊ यायची, पण त्या साली तिच्या माहेरचं कुणी गेलं आणि तिला सुतक आलं. गावात दुसरीकडे विचारावं तर घरोघरी उद्यापन, कुणी मोकळी नाही. पुरण वाटून झालेलं, दिवस कललेला, आणि सवाष्णीचा पत्ता नाही. शेवटी मी आमच्या उसाच्या कडेला तोडकऱ्यांची टोळी उतरली होती तिकडे निघाले. पाथर्डीकडच्या कोरडवाहू भागातली माणसं ती. उसाच्या शेंड्यांकडच्या वाढ्यांनी शाकारलेल्या त्यांच्या झोपड्यांतून, कोप्यांतून, चुलींचा धूर निघत होता आणि धुक्यात मिसळत होता. एक बाई पाण्याची कळशी भरून कोपीकडे चालली होती. मला तिची पाठ दिसली, विटलेलं हिरवं लुगडं दिसलं, आणि मला क्षणभर नीट कळेना, की मी जागी आहे की ओसरीवर पेंगते आहे. मी हाक मारली. ह्या वेळी तिनं मागे वळून पाहिलं.

माझ्याच वयाची असेल, किंवा उन्हानं तशी झालेली. सवाष्ण म्हणून जेवायला चल म्हटल्यावर तिनं आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

“मला कशाला नेता, मालकीनबाई? मह्या अंगाला पाचटाचा वास हाय.”

“आज तू माझी लक्ष्मी हाय,” मी म्हटलं. “लक्ष्मीला कसला वास?”

“लक्ष्मी व्हय?” ती हसली. “बरंय. येवढा ऊस तोडून आल्यावर लक्ष्मी भुकेली बी हाय.” तिनं हात-पाय धुतले, केसांवर पाणी फिरवलं, नवऱ्याला सांगितलं आणि माझ्यासोबत निघाली. वाटेत नाव विचारलं तर म्हणाली, “नाव कशाला आता? लक्ष्मीच म्हना की आजच्या दिस.” आम्ही दोघी बांधावरून चाललो. ती पुढे, मी मागे. माझ्या चालण्याकडे तिनं दोनदा मान वळवून पाहिलं.

घरात समईचा उजेड होता. कलशाला नारळ, पानं, गजरा, सगळं मांडलेलं. अश्विनी जड अंगानं भिंतीला टेकून बसली होती. मी पाहुणीला पाटावर बसवलं, तिचे पाय परातीत घेतले आणि कोमट पाण्याचा तांब्या उचलला. पाय धुवायला गुडघे टेकून बसावं लागतं. मी टेकले, आणि दोन्ही नडग्या फरशीवर दाबल्या गेल्या. इतक्या आठवड्यांत मी तोंडातून ब्र काढला नव्हता, पण त्या वेळी माझ्या तोंडून ओरडणंच बाहेर पडलं. तांब्या कलंडला. पाणी सगळीकडे झालं. मी पाय पोटाशी घेऊन बाजूला पडले आणि माझं लुगडं वर सरकलं.

पाहुणी परातीतून उठली. माझ्याजवळ खाली बसून तिनं समई थोडी पुढे ओढली आणि माझ्या नडग्या पाहिल्या. अश्विनीनंही तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या. तिचा हात तोंडावर गेला. पाहुणीनं एका गाठीच्या शेजारी, गाठीला न लावता, बोट ठेवलं. तिचा चेहरा एकदम दूर कुठंतरी गेल्यासारखा झाला.

“ह्या कधीपासनं हायेत?”

मी लुगडं खाली ओढायला लागले.

“मह्या धाकट्या बहिनीला अशाच आल्त्या,” ती हळू बोलली. “दोन्ही नडग्यांवर. आमी म्हनलो, पाचट लागलं आसंल, वाढं कापलं आसंल. कुनी बघितलंच न्हाई. गाठी बसल्या बी आपोआप. पुढच्या साली तिला खोकला धरला, आन् त्याच्या पुढच्या साली ती टोळीत न्हवती.”

एवढं बोलून तिनं कलंडलेला तांब्या उचलला, बादलीतून पाणी भरून घेतलं आणि काय होतंय ते मला कळायच्या आत माझे पाय परातीत ओढून घेतले. मी नको नको म्हणत राहिले. सवाष्णीनं यजमानिणीचे पाय धुवायचे, असं मी कुठं ऐकलं नव्हतं. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही. गाठी टाळून, पोटऱ्यांवरून, घोट्यांवरून, चिरलेल्या तळव्यांवरून तिचे कोयत्यानं घट्टे पडलेले हात इतके हलके फिरत होते, की माझे डोळे भरून आले. त्या परातीत माझ्या पायांची माती, पाणी आणि समईचा उजेड हलत होता. मला वाटलं आपण कितीतरी वर्षं अशाच बसून आहोत. मग मला रडू आवरेना, आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी सगळं बोलून टाकलं. देवीपुढे काय बोलले, मनात काय जोडलं, खोडक्यांतून का चालले, सगळं. अश्विनी ऐकत होती. “आई, माझ्यासाठी?” एवढंच ती म्हणाली आणि माझ्या खांद्याला डोकं लावून रडायला लागली.

पाहुणीनं पदरानं माझे पाय टिपले. मग उठून पाटावर जाऊन बसली, पण पानाला हात लावला नाही.

“मी लक्ष्मी हाय ना आज?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“मग मह्या मागन्याला न्हाई म्हनता यायचं न्हाई. सकाळी दवाखान्यात जायाचं. आन् आता चपला आना. न्हाई तर ही मी चालले उपाशी.”

मी म्हटलं, अगं, मी देवीला शब्द दिलाय. बाळ हातात येईपर्यंत म्हणून.

“कुनाला दिलाय? मलाच ना?” ती अगदी सहज म्हणाली. तिच्या डोळ्यांत थट्टा होती, पण आवाजात नव्हती. “मी देते सोडून.”

अश्विनीनं माळ्यावरून माझ्या चपला काढल्या. नवरात्रापासून पडून त्यांच्यावर धूळ बसली होती. पाहुणीनं त्या आपल्या पदरानं पुसल्या आणि माझ्या पायांत घातल्या, आधी उजव्या, मग डाव्या. मग ती जेवायला बसली. चांगल्या तीन पुरणपोळ्या तुपाशी खाल्ल्या, कटाची आमटी दोनदा मागून घेतली आणि हात धुऊन म्हणाली, “प्वॉट भरलं बगा, ताई.” ती आली तेव्हा मी मालकीनबाई होते, ती जाताना ताई झाले. ओटी घेऊन ती अंधुक उजेडात कोप्यांकडे चालत गेली. मी दारात उभी राहून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. त्या रात्री मला स्वप्न पडलं नाही. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नगरला गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी गाठी पाहिल्या, अंगावर हात फिरवला आणि गळ्याशी येऊन थांबल्या. तिथं मानेच्या कडेला एक बारीक, न दुखणारी गाठ होती. मंगळसूत्राच्या खालून रोज हात फिरायचा, पण मला ती कधी कळली नव्हती. “काकू,” त्या म्हणाल्या, “पायावरच्या गाठी हा तुमचा आजार नाही, ती आजाराची खूण आहे. आत काहीतरी चाललंय आणि अंग ते कातडीवर दाखवतंय. घशाच्या साध्या दुखण्यानं होतं, एखाद्या औषधानं होतं, क्षयानंही होतं. आपण शोधू.” मी घाबरत घाबरत विचारलं, अनवाणी चालण्यानं झालं का? त्या हसल्या. म्हणाल्या, पाय चिरले ते चालण्यानं, गाठी नाहीत. मग छातीचा फोटो झाला, दंडाच्या खाली हातावर सुई टोचून ती जागा किती फुगते ते पाहिलं, गळ्यातल्या गाठीतून सुईनं पाणी काढलं, थुंकी तपासली. त्या काही दिवसांत मी अश्विनीच्या जवळही बसले नाही. दारातूनच तिच्याकडे बघायचे, आणि आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो.

पुन्हा नगरला गेलो तेव्हा कळलं, क्षयच निघाला. गाठींचा क्षय. डॉक्टरबाई सांगत होत्या तेव्हा माझ्या कानात नुसतं वारं घुमत होतं. मी एकच गोष्ट विचारली, की मला माझ्या नातवंडाला हात लावता येईल का. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “तुमची थुंकी स्वच्छ आहे. गाठीतला क्षय असा दुसऱ्याला लागत नाही. घरातल्या सगळ्यांना मात्र तपासून घेऊ, मुलीला आधी. तुम्ही गोळ्या एकही दिवस न चुकवता घेतल्या तर बाळाला घ्यायला काहीच हरकत नाही.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “बाळ झाल्यावर ते दिवसभर कुणाच्या मांडीवर असणार होतं?” माझ्याच, मी म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या? त्या म्हणाल्या, “हेच दुखणं असंच अंगात राहिलं असतं तर छातीत उतरू शकलं असतं. मग खोकला, आणि समोर तान्हं बाळ. ह्या गाठी आल्या नसत्या तर तुम्ही इथं आला असतात?”

नसते आले. खोकला नव्हता, ताप म्हणावा असा ताप नव्हता. मी मेथी निवडत बसले असते.

परतताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि आमची गाडी त्यांच्यामागे अडकून हळूहळू चालली होती. धुकं उतरत होतं. काचेतून पुढचं काही दिसत नव्हतं, नुसता लाल दिवा मिणमिणत होता. मी माझ्या नडग्यांवर हलकेच हात ठेवला. इतके दिवस मी ह्या गाठींना लेकीसाठी मोजलेली किंमत समजत होते. आणि त्या बिचाऱ्या मला सांगत होत्या, अगं बघ, घरात काय शिरलंय ते बघ, तान्हं यायच्या आत बघ. मी लेकराला वाचव म्हणून साकडं घातलं होतं आणि देवीनं ते ऐकलंही होतं. उत्तर माझ्याच पायांवर उमटलं होतं, आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून मी खोडक्यांतून चालत होते. त्या गाडीत मला हुंदका आला. ह्यांनी विचारलं, दुखतंय का? म्हटलं, नाही हो, आता नाही दुखत.

घरी पोहोचल्याबरोबर मी कोप्यांकडे गेले. तिथं कुणी नव्हतं. आमच्या भागातला ऊस संपला म्हणून टोळी पुढच्या गावाला गेली होती. चुलींची राख होती, तुडवलेलं पाचट होतं, आणि वाऱ्यानं इकडून तिकडे सरकणारी एक फाटकी पिशवी. ह्यांनी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, टोळीत हिरव्या लुगड्याच्या चार बाया हायेत, कोणची सांगू? एका गावात उतरली असेल म्हणून तिथंही आम्ही जाऊन आलो, तर ती टोळीच फुटून दोन वाटांना गेलेली. ती कोण होती हे मला कुणाशी वादानं ठरवायचं नाही. ऊस तोडणारी, बहीण गमावलेली, भुकेली एक बाई होती, हे मला पक्कं माहीत आहे. आणि त्या संध्याकाळी ती माझी लक्ष्मी होती, हेही तितकंच पक्कं माहीत आहे. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसतात, भांडत नाहीत.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी मळमळायचं, लघवी केशरी व्हायची, तोंडाची चव जायची. पण महिन्याभरात संध्याकाळची कसर थांबली आणि पायांवर नवी गाठ यायची बंद झाली. घरातले सगळे तपासून झाले, अश्विनीही, आणि सगळे ठीक निघाले. फाल्गुन लागता लागता एका सकाळी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये मी उभी होते आणि आतून रडण्याचा आवाज आला. माझा हात सवयीनं खाली गेला. चपला काढून देवीला हात जोडावेत असं वाटलं. मग आठवलं, आणि पाय तसेच चपलांत ठेवून मी हात जोडले. नर्सनं नात माझ्या हातात दिली. इवलीशी, लाल, रागावलेली. मी तिचं तोंड पाहिलं आणि माझ्या जिवात जीव आला.

देवीकडे मी आजही जाते, पण काही ठरवून मागत नाही. हे घे आणि ते दे, असं बोलायची हिंमतच होत नाही. आपल्याला काय द्यायचं आणि ते कुठल्या रूपानं द्यायचं, हे तिला आपल्यापेक्षा बरं कळतं. आपण फक्त आलेल्या गोष्टीकडे नीट बघायचं, झाकून ठेवायचं नाही. दुखलं तर दुखतंय म्हणायचं. माझ्यासारख्या हट्टी बाईला एवढं शिकायला दोन्ही पाय खर्ची घालावे लागले, त्याला काय करणार.

पुढच्या मार्गशीर्षात जाऊ मोकळी होती, पण मी तिला सांगितलं, तू वाढायला ये. शेवटच्या गुरुवारी मी पुन्हा उसाच्या कडेला गेले. नवी टोळी आली होती. एक कोवळी, नुकतं लग्न झालेली पोर लाजत लाजत माझ्याबरोबर आली. तिला पाटावर बसवलं, परात पुढे घेतली आणि मी गुडघे टेकले. नडग्या फरशीवर टेकल्या. काही दुखलं नाही. तिथं आता फिकट तपकिरी डाग तेवढे उरलेत. मी तिचे पाय धुतले, आणि मग तिच्या लुगड्याची कड जरा वर करून दोन्ही नडग्यांवरून वरपासून खालपर्यंत सावकाश हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. अश्विनीच्या मांडीवरून नात डोळे मोठे करून बघत होती.

“काय बघताय, मावशी?” पोर पाय आखडून घेत हसली. “गुदगुल्या व्हत्यात मला.”

“होऊ दे गं,” मी म्हटलं, आणि तिच्या पावलांना कुंकू लावलं.